पत्र्याखालचा उन्हाळा आणि शासनाचे मौन

“चांगला होता. दुपारी कामावरून आला, तांब्याभर पाणी प्यायला, जरा पडतो म्हणाला, तो उठलाच नाही.” एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वस्त्यांमध्ये असे बोल ऐकू येतात. दवाखान्याच्या कागदावर ‘हृदयविकाराचा झटका’ लिहिले जाते. काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो आणि विषय संपतो. त्या मृत्यूशी उन्हाचा संबंध होता का, हे कोणी विचारत नाही आणि कोणी लिहूनही ठेवत नाही.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. दुःख आहे तर त्याला कारण आहे, आणि कारण कळले तर ते दूर करण्याचा मार्गही आहे. वाढत्या उन्हाळ्याकडेही तसेच पाहिले पाहिजे. तो दैवाचा कोप नाही. त्याचे एक कारण आकाशात आहे, दुसरे आपल्या डोक्यावरच्या छपरात आहे आणि तिसरे सरकारी कचेऱ्यांमध्ये आहे.

उन्हाळा का वाढतो आहे?

पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे. त्यातला कार्बन डायऑक्साइड हा वायू प्रमाणात फार थोडा असला तरी सूर्यापासून आलेली उष्णता धरून ठेवतो. तो मुळीच नसता तर पृथ्वी गोठली असती. पण गेल्या दोनशे वर्षांत माणसाने कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू एवढा जाळला की हे पांघरूण जाड झाले. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. जंगलतोडीने आणि कचऱ्याच्या डोंगरांतून निघणाऱ्या मिथेन वायूने त्यात भर घातली. देवनारच्या किंवा भांडेवाडीच्या कचरा डेपोशेजारी राहणाऱ्यांना हा कचरा कसा धुमसतो हे सांगावे लागत नाही.

याचा परिणाम म्हणून पृथ्वीचे सरासरी तापमान वाढले. २०२४ हे तोपर्यंत नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत ते सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते. दीड अंश म्हणजे किती, असे वाटेल. आपल्या अंगाचे तापमान ३७ वरून साडेअडतीसवर गेले की आपण अंथरूण धरतो. पृथ्वीची सरासरी दीड अंशाने वाढते तेव्हा उष्णतेच्या लाटा वरचेवर येतात आणि जास्त दिवस टिकतात. पाऊस आला तर एकदम कोसळतो, नाहीतर दडी मारतो.

हा वायू हवेत सोडला कोणी? अमेरिकेत एका माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन. म्हणून भारत सरकार जगाच्या सभांमध्ये सांगते की जुने प्रदूषण श्रीमंत देशांनी केले, त्यांनी आधी आवरावे. हे म्हणणे न्याय्य आहे. पण २ टन ही सरासरी आहे. एका खोलीत एक पंखा, दोन दिवे आणि एक गॅस सिलिंडर वापरणारे कुटुंब, आणि चार एसी व दोन मोटारी असलेले कुटुंब, अशा दोघांची बेरीज करून ती काढलेली असते. वस्तीतल्या गरिबीमुळे देशाचा आकडा लहान दिसतो. मग त्याच वस्तीला उन्हापासून वाचवण्याची वेळ आली की हात आखडता का घेतला जातो, हा आपला प्रश्न आहे.

ऊन एक, छपरे अनेक

सूर्य सगळ्या शहरावर सारखाच तळपतो. घरात शिरणारी उष्णता मात्र सारखी नसते. लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा दुपारभर तापतो आणि आतल्या माणसांच्या डोक्यावर तव्यासारखी आच टाकतो. खोलीला एकच दार, समोरासमोर खिडक्या नाहीत, भिंतीला भिंत लागलेली, गल्लीत झाड नाही. अशा घरात बाहेरच्यापेक्षा आत जास्त उकडते. आतच चूल किंवा शेगडी पेटत असेल तर स्वयंपाक करणारी बाई दोन्हीकडून भाजते. शेजारच्या मोठ्या इमारतीतले एसी आतली खोली गार करतात आणि गरम हवा बाहेर सोडतात. ती हवाही वस्तीच्या वाट्याला येते.

रात्र ही शरीराची विश्रांतीची वेळ. दाट वस्तीत सिमेंट, डांबर आणि विटा दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. शरीराला उसंत मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस थकल्या अंगाने कामावर जातो. दोन-तीन गरम रात्रींनंतर धोका वाढतो तो यामुळेच.

आता काम कोणते आहे तेही पाहा. रस्ता झाडणे, गटार उपसणे, कचरा वेचणे, नाक्यावरून बांधकामाला जाणे, वीटभट्टी, हमाली, हातगाडी. ही कामे पिढ्यान्पिढ्या कोणाच्या वाट्याला आली हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जातीने काम ठरवले, कामाने मजुरी ठरवली, मजुरीने घर ठरवले आणि आता घर व काम मिळून उन्हाचा वाटा ठरवत आहेत.

शरीरात काय होते?

आपले शरीर घाम काढून थंड होते. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून दोन गोष्टी लागतात: अंगात पुरेसे पाणी आणि घाम सुकवणारी हवा. विदर्भात हवा कोरडी असते, घाम लगेच सुकतो आणि पाणी किती गेले ते कळतही नाही. मुंबई-कोकणात हवा दमट असते, घाम सुकतच नाही आणि कमी तापमानातही माणूस कोसळू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी पारा विदर्भासारखा पंचेचाळीसला गेलेला नव्हता. समुद्राजवळची दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि तासन्‌तास बसून राहणे एवढे पुरेसे झाले.

उन्हामुळे हृदयाला जास्त रक्त कातडीकडे ढकलावे लागते, म्हणून हृदयरोग्यांना धोका अधिक. पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण येतो. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्या मजुरांची मूत्रपिंडे यातून कमजोर होतात. मधुमेही, वृद्ध, तान्ही बाळे आणि दारू पिणारे यांना लवकर त्रास होतो. गरोदर बाईला फार उष्णता सोसावी लागली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे शरीराची थंड होण्याची ताकद कमी करतात. ती मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एक गोष्ट घराघरांत बोलली जात नाही. सार्वजनिक शौचालय लांब, अस्वच्छ किंवा रात्री अंधारात असते. कामाच्या जागी तर नसतेच. म्हणून आपल्या अनेक भगिनी मुद्दाम पाणी कमी पितात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि उन्हाचा तडाखाही जास्त बसतो. ‘भरपूर पाणी प्या’ असे फलक लावणाऱ्या पालिकेने शौचालयाची कडी आणि दिवा आधी नीट करावा.

शासनाने काय केले?

हा धोका सरकारला माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. १९९२ साली रिओ येथे जगातील देशांनी हवामानबदलाचा करार केला. १९९७ साली क्योटो आणि २०१५ साली पॅरिस येथे पुढचे करार झाले. या साऱ्या वर्षांत जगाचा धूर कमी न होता वाढला. भारताने २००८ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले. देशाची वीज मात्र अजून मुख्यतः कोळशावरच चालते. २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र चंद्रपुरात आहे, आणि देशातील सर्वांत तापणाऱ्या शहरांत चंद्रपूरही आहे. आज जे मूल बालवाडीत आहे ते २०७० साली पन्नाशीत असेल. तोवरच्या उन्हाळ्यांचे काय?

उन्हापासून जीव वाचवता येतात, हेही सिद्ध झालेले आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भीषण लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासात दिसले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. आधीच इशारा देणे, दवाखान्यांना तयार ठेवणे, पाणपोया, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग. नागपूरसह अनेक शहरांनी नंतर हाच मार्ग घेतला.

कागदावर आराखडे आले, पण पैसा आला नाही. २०२३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले. पैसा कोठून येणार याचा उल्लेख फक्त ११ आराखड्यांत होता. कोणत्या वस्तीला, कोणत्या लोकांना सर्वांत जास्त धोका आहे याची नीट पाहणी फक्त दोन आराखड्यांत होती. म्हणजे ज्यांच्यासाठी आराखडा करायचा ते कोण आहेत हेच बहुतेक आराखड्यांना ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट भरपाईची. केंद्र सरकारच्या २०२६ पर्यंतच्या निकषांत मदतनिधीसाठी १२ आपत्ती अधिसूचित होत्या. त्यांत पूर, भूकंप, गारपीट आणि थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांनी ठरवले तर निधीच्या १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तीसाठी वापरता येतो. ओडिशाने २०१५ साली आणि तमिळनाडूने २०२४ साली उष्णतेला तसा दर्जा दिला.

तिसरी गोष्ट मोजणीची. उष्माघाताच्या मृत्यूंचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा वेगळा आणि आरोग्य खात्याचा वेगळा असतो. जो मृत्यू मोजला जात नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. आपल्या समाजाला हे नवीन नाही. ज्यांची गणती होत नाही त्यांना वाटा मिळत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी शिकवले आहे.

आणि चौथी गोष्ट कामाची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. श्रम करणाऱ्याच्या शरीराला मर्यादा असते आणि ती कायद्याने मान्य केली पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज उघड्यावर राबणाऱ्या मजुराचे काम किती तापमानाला थांबवावे, याची देशभर बंधनकारक मर्यादा नाही. दुपारी १२ ते ४ काम करू नका असा सल्ला दिला जातो. पण त्या चार तासांची मजुरी कोण देणार, यावर कोणी बोलत नाही.

घरात काय करावे?

शासनाला जाब विचारायचाच आहे. तोवर घरची माणसे जपली पाहिजेत.

पत्र्यावर वरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारल्यास आतली उष्णता दोन ते पाच अंशांपर्यंत कमी होऊ शकते. मार्चमध्येच हे काम करावे. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. पत्र्याखाली बांबूच्या चटईचे किंवा जाड कापडाचे आच्छादन केल्यास आच थेट येत नाही. मात्र ते चुलीपासून दूर ठेवावे. कूलर लावताना खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे, नाहीतर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम वारा अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओले करावे, ओला पंचा खांद्यावर घ्यावा. कूलरचे आणि पिंपातले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून घासावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. रमाई आवास योजनेतून घरकुल बांधत असाल तर समोरासमोर दोन खिडक्या सोडण्याचा आग्रह गवंड्याकडे धरावा.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्वारीची आंबील, ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी हे महागड्या बाटल्यांपेक्षा चांगले. घाम फार गेला असेल तर ओआरएस घ्यावे. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते २४ तासांत संपवावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी नको, अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असे मानले जाते. तो कांदा जेवणात खावा आणि डोक्याला ओला गमछा बांधावा.

उष्माघात कसा ओळखावा?

पायात गोळे, घेरी, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम ही पहिली सूचना. लगेच काम थांबवून सावलीत बसावे, पाणी प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरी समजावा. ‘बाधा झाली’, ‘वारे लागले’ म्हणून उतारा-धागा करण्यात वेळ घालवला तर माणूस हातचा जातो.

अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता अंग थंड करायला घ्यावे. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून जोरात वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत बर्फाची किंवा गार पाण्याची फडकी ठेवावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी देऊ नये. या उष्णतेवर ती चालत नाही आणि अपाय करू शकते. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो.

दवाखान्यात पोचल्यावर रुग्ण कोठे आणि किती वेळ उन्हात होता किंवा पत्र्याच्या खोलीत होता, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दाखल करतेवेळचे अंगाचे तापमान केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे मृत्यू मोजला जाणे किंवा मदत मिळणे या एका नोंदीवर अवलंबून असू शकते.

विहारातून सुरुवात

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पाण्याकडे गेले, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता. जे सार्वजनिक आहे त्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. सावली, पाणी आणि सोसता येईल अशी रात्र यांनाही आज तोच न्याय लावला पाहिजे. संविधान आपल्या बाजूला आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ सांगतो. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या खटल्यात निकाल दिला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असे त्यात म्हटले आहे. १४ म्हणजे समानता आणि २१ म्हणजे जीवन. पत्र्याखाली राहणाऱ्याला या दोन्हींची गरज सर्वांत जास्त आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीने चार कामे हाती घ्यावीत. पहिले, विहार दुपारी ११ ते ५ उघडे ठेवावे. छपराला पांढरा रंग, माठ, पंखे, ओआरएसच्या पुड्या आणि एक थर्मामीटर एवढी तयारी पुरे. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर भगिनी आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची यादी करून तरुणांनी रोज एक फेरी मारावी. दुसरे, १४ एप्रिलची मिरवणूक आणि बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवावेत. वाटेवर पाणी आणि सावली हवी. तिसरे, माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून महापालिकेला, नगरपालिकेला विचारावे: उष्णतेच्या कृती आराखड्याची प्रत द्या, त्यावर यंदा किती खर्च केला ते सांगा, आमच्या प्रभागात थंड निवारे आणि पाणपोया कोठे आहेत ते सांगा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. चौथे, ग्रामपंचायत असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेतून रस्ते-गटारांबरोबर सावलीची झाडे, नळ आणि समाजमंदिराचे थंड छप्पर मागावे. ग्रामसभेत ठराव लिहून घ्यावा.

नगरसेवक, आमदार मते मागायला येतील तेव्हा त्यांना सभामंडपात बसवू नका. दुपारी दोन वाजता आपल्या पत्र्याखाली बसवा, पाणी द्या, आणि माहिती अधिकारात आलेले उत्तर त्यांच्या हातात ठेवा.

जय भीम!